बाळंतपणावरच्या संशोधनात आपण का नसतो? (यूकेतल्या आईबाबांसाठी)

चाफेकळी
सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात रिसर्च मिडवाइफ आहे. स्कॅनला आलेल्या बायकांना "आमचा एक अभ्यास चालू आहे, भाग घ्याल का?" असं विचारणं हे माझं काम. इथे लिहितेय ती मी, माझं रुग्णालय नव्हे.

सरळच विचारते. गोऱ्या बायका थांबून बोलतात. हो म्हणतात, नाहीतर तोंडावर नाही म्हणतात. मराठी, गुजराती, तेलुगू, बांगलादेशी, सोमाली बायका बहुतेकदा पत्रक घेतात, गोड हसतात, ते पर्समध्ये टाकतात आणि नंतर फोन उचलत नाहीत. आमच्या मीटिंगमध्ये यांना 'हार्ड टू रीच' म्हणतात. मला ते पटत नाही. त्या ठरलेल्या तारखेला न चुकता येऊन माझ्यासमोर बसतात, मग पोचायला अवघड कशा?

याने बिघडतं काय, म्हणाल. २०२२ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये यूकेबाहेर जन्मलेल्या ज्या आया बाळंत झाल्या, त्यांच्यात भारतात जन्मलेल्या सगळ्यात जास्त होत्या. म्हणजे आपण काही कोपऱ्यातले चार जण नाही. २०१४-१६ च्या आकड्यांत बाळंतपणाशी संबंधित मृत्यूचं प्रमाण कृष्णवर्णीय स्त्रियांत गोऱ्यांच्या पाचपट आणि आशियाई स्त्रियांत सुमारे दुप्पट होतं. आता दरी थोडी कमी झाली आहे, पण आहे.

आणि माहिती नसताना नियम कसे होतात तेही बघा. मे २०२१ मध्ये 'नाइस'ने (इथे उपचारांच्या सूचना ठरवणारी संस्था) इंडक्शनच्या (म्हणजे औषधाने कळा सुरू करण्याच्या) सूचनांचा मसुदा काढला. गरोदरपण सुरळीत असलं तरी बाई कृष्णवर्णीय, आशियाई किंवा इतर अल्पसंख्याक घरातली असेल तर ३९ व्या आठवड्यातच इंडक्शनचा विचार करावा, असं त्यात होतं. मोठा गदारोळ झाला. नोव्हेंबरात अंतिम सूचना आल्या तेव्हा ते कलम गेलेलं होतं. का गेलं? पुरावाच पुरेसा नव्हता.

तर तुम्ही नाही का म्हणालात, किंवा हो म्हणाला असाल तर का, ते सांगाल? खरं सांगा, मला वाईट वाटणार नाही.

भटका_शंकर
सोमवार, रात्री १०:०५

रुमाल टाकून ठेवतो. बायकोला विचारून लिहितो.

निवांत_राजा
सोमवार, रात्री १०:३१

बाबा म्हणून लिहितो, चालेल ना?

आम्हाला पत्रक मिळालं होतं. चौदा-पंधरा पानं, बारीक टाइप. त्यात एक ओळ होती की तुमची माहिती 'इतर संस्थांना' देण्यात येऊ शकते. कुठल्या संस्था? आम्ही इथे व्हिसावर. दर वर्षाचे १,०३५ पौंड हेल्थ सरचार्ज भरून दवाखान्यात येतो, तरी रिसेप्शनवर कागद दाखवताना पोटात गोळा येतो. त्यात कोणी 'इतर संस्था' म्हटलं की डोळ्यांपुढे पहिलं होम ऑफिस (व्हिसा बघणारं सरकारी खातं) येतं. मूर्खपणा असेल, पण येतं. बायको म्हणाली, कशाला विकतचं दुखणं.

अभ्यास चांगलाही असेल. पण "होम ऑफिसला काहीही जाणार नाही" हे एक वाक्य पहिल्या पानावर असतं तर मी पुढचं वाचलं असतं.

तिरसट
सोमवार, रात्री ११:१२

निवांतराव, मूर्खपणा कसला त्यात? इथल्या रुग्णालयाचं बिल ५०० पौंडांहून जास्त थकलं की होम ऑफिसला कळवतात, हे उघड धोरण आहे. ज्या बाईवर तशी वेळ येऊ शकते तिला संशोधनवाली मिडवाइफ आणि बिलवाली खिडकी यांच्यातला फरक कोणी समजावलाय?

आणि चाफेकळीताई, विश्वास नाही म्हणून तुम्हाला नवल वाटत असेल तर कॉव्हेंट्रीच्या चपात्यांची गोष्ट सांगतो. १९६९. मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या पैशावर चाललेला अभ्यास. एकवीस दक्षिण आशियाई बायका, अंगात लोह कमी. त्यांच्या घरी रोज चपात्या पोचवल्या जायच्या, पिठात किरणोत्सारी लोह मिसळून. नंतर त्या बायकांना हारवेलच्या अणुसंशोधन केंद्रात नेऊन मोजलं. बऱ्याच जणींना इंग्रजी जेमतेम येत होतं. आपण काय खातोय हे त्यांना नीट कळलं होतं का, यावर आजही वाद आहे. लोकांपुढे आलं १९९५ मध्ये, चॅनल ४ च्या माहितीपटातून. २०२३ मध्ये तिथल्या खासदार तायवो ओवाटेमी यांनी पुन्हा चौकशी मागितली. धोका अगदी कमी होता असं मधल्या चौकशीत सांगितलं गेलं, असेलही. पण मुद्दा किरणांचा नाही, विचारलं नाही हा आहे.

ज्यांच्या आईला, आत्याला हे माहीत आहे ती पोरगी तुमचं पत्रक हसून पर्समध्येच टाकणार.

कोकणची_लेक
मंगळवार, सकाळी ७:५०

बाप रे, हे चपातीचं माहीतच नव्हतं!!

चाफेकळी
मंगळवार, सकाळी ८:१५

तिरसट, हे मी आमच्या मीटिंगमध्ये सांगणार आहे. तिथल्या अर्ध्याजणांना माहीत नसेल.

आज नियम कडक आहेत. एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, लेखी संमती लागते, कारण न देता कधीही बाहेर पडता येतं आणि त्याने तुमच्या उपचारात काडीचाही फरक पडत नाही. पण निवांत_राजांचं खरं आहे, हे सगळं पत्रकाच्या मागच्या पानांवर असतं. पहिल्या पानावर असतं आमच्या विद्यापीठाचं बोधचिन्ह.

सांख्यिक
मंगळवार, दुपारी १:२०

माझं काम आकड्यांचं आहे म्हणून थोडं लांबवतो.

आधी एक स्पष्ट करू. 'पाचपट', 'दुप्पट' वाचून कोणी गरोदर बाई रात्रभर जागू नये. २०२०-२२ मध्ये यूकेत एकूण मातामृत्यूचं प्रमाण लाखामागे साधारण १३ होतं. त्याची दुप्पट म्हणजेही फार लहान आकडा. तो लहान आहे म्हणून दुर्लक्ष करावं असं नव्हे, पण घाबरण्याची गोष्ट आणि अन्यायाची गोष्ट वेगळी.

दुसरं. बाळंतपणात बाई गेली तर त्या मृत्यूची नोंद आणि तपासणी होतेच, त्यासाठी तिची सही आधी घेतलेली नसते. त्यामुळे मृत्यूंच्या आकडेवारीत आपण पुरेपूर असतो. पण असं का झालं, कुठल्या औषधाने टळलं असतं, कुठल्या तपासणीने आधी कळलं असतं, हे शोधणाऱ्या ट्रायलमध्ये सहीशिवाय प्रवेश नाही आणि तिथे आपण नसतो. म्हणून दर वर्षी तोच तक्ता छापून येतो आणि कारणांचा रकाना अर्धा रिकामा.

कोविडमध्ये हे फार ठळक दिसलं. मार्च-एप्रिल २०२० मध्ये कोविड होऊन यूकेच्या रुग्णालयांत दाखल झालेल्या ४२७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास आहे. त्यातल्या ५६ टक्के कृष्णवर्णीय किंवा इतर अल्पसंख्याक. आणि लशीच्या पहिल्या मोठ्या चाचण्यांत गरोदर बायका घेतल्याच नव्हत्या. एप्रिल २०२१ मध्ये इथे गरोदर स्त्रियांना सरसकट लस द्यायची शिफारस झाली, तीही मुख्यतः अमेरिकेतल्या माहितीवर. तोवर तुमची मिडवाइफ तुम्हाला काय सांगणार होती?

तिसरं, 'आशियाई' हा गठ्ठा. सिल्हेटहून आलेलं बांगलादेशी कुटुंब, मीरपूरचं पाकिस्तानी कुटुंब आणि पुण्याहून आयटीत आलेलं जोडपं एका रकान्यात. मोठ्या अभ्यासात निदान भारतीय-पाकिस्तानी-बांगलादेशी वेगळे करता येतात. लहान अभ्यासात आशियाईच सात असतात, त्यांचं काय वेगळं करणार? मग विश्लेषण करणारा (कधीकधी मीच) 'श्वेत' आणि 'इतर' असे दोन ढीग करतो. 'इतर' या ढिगातून कोणालाच काही कळत नाही.

जमवायचं ठरवलं तर जमतं. २०००-०१ च्या मिलेनियम कोहॉर्टमध्ये (मुलांचा जन्मापासून माग ठेवणारा अभ्यास) इंग्लंडच्या ज्या भागांत कृष्णवर्णीय आणि आशियाई वस्ती जास्त तिथून मुद्दाम जास्त कुटुंबं घेतली. आणि ब्रॅडफर्ड शहरातला तसाच अभ्यास, 'बॉर्न इन ब्रॅडफर्ड'. २००७ ते २०१० मध्ये बारा हजारांहून जास्त गरोदर स्त्रिया, त्यातल्या जवळपास निम्म्या पाकिस्तानी वंशाच्या. हार्ड टू रीच म्हणे!

मनमोकळी
मंगळवार, दुपारी २:०२

सांख्यिक, ब्रॅडफर्डवाल्यांना कसं जमलं? तिथली माणसं काही वेगळी नव्हती ना?

सांख्यिक
मंगळवार, दुपारी २:४५

माणसं तीच. ठिकाण आणि भाषा नीट निवडली. २६ ते २८ आठवड्यांत साखरेच्या तपासणीला बायका येतात. गोड पाणी प्यायचं आणि दोन तास बसायचं. त्या दोन तासांत प्रश्नावली. भाषा येणारी माणसं समोर बसून विचारायची, इंग्रजीत, उर्दूत, मीरपुरीत. मीरपुरी फारशी लिहिली जात नाही, म्हणून तोंडी विचारण्यावाचून इलाज नव्हता. वेगळी खेप नाही, वेगळं बसभाडं नाही.

आणि त्यातून निघालं काय, तर दक्षिण आशियाई बायकांमध्ये बाळाला धोका कमी साखरेवरच सुरू होतो. त्यांच्यासाठी उपाशीपोटी ५.२ आणि दोन तासांनी ७.२ (mmol/L) ही मर्यादा असावी असं २०१५ च्या निबंधात सुचवलं. नाइसची मर्यादा सगळ्यांना ५.६ आणि ७.८. म्हणजे उपाशीपोटी ५.४ वाली आपली बाई "नॉर्मल आहे" म्हणून घरी येते. ती मर्यादा अजून बदललेली नाही हेही खरं. पण निदान प्रश्न टेबलावर आला, तोही त्या बायका अभ्यासात होत्या म्हणून.

तिरसट
मंगळवार, सायंकाळी ६:३०

आकडे छान. पण मला यात धोकाही दिसतो. वंश म्हणजे काही जीवशास्त्र नव्हे. 'आशियाई बायकांचं असंच असतं' असा शिक्का एकदा बसला की डॉक्टर बाईकडे बघायचं सोडून रकान्याकडे बघतो. नाइसचा तो मसुदा त्याचाच नमुना. उशिरा तपासणी, दुभाष्या नाही, "ही उगाच ओरडतेय" म्हणून दुर्लक्ष, ही कारणं आपल्या कातडीत नसून व्यवस्थेत आहेत. संशोधन करायचं तर त्यांच्यावर करा, आमच्या रक्तावर नको.

डॉ_वैद्यबुवा
मंगळवार, रात्री ८:१०

तिरसट यांच्याशी निम्मा सहमत. (मी बालरोगतज्ज्ञ, आता निवृत्त.)

उरलेल्या निम्म्यासाठी ॲपगार स्कोअर घ्या. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाने आणि पाच मिनिटांनी जे गुण देतात तो. व्हर्जिनिया ॲपगार बाईंनी पन्नासच्या दशकात मांडला, अप्रतिम साधन आहे. पण त्यात रंगाला दोन गुण आहेत आणि पूर्ण गुण हवे तर बाळ 'सर्वांगी गुलाबी' हवं. आपलं सावळं बाळ गुलाबी कुठून होणार? निळेपणा, कावीळ, सगळं पाठ्यपुस्तकात गोऱ्या कातडीवर शिकवलेलं. सावळ्या बाळाची कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्यात आणि हिरड्यांवर बघावी लागते. इथल्या एनएचएस रेस अँड हेल्थ ऑब्झर्व्हेटरीने २०२३ मध्ये यावर अहवाल काढला, २०२३ मध्ये! बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटरही गडद कातडीवर ऑक्सिजन खरा असतो त्याहून जास्त दाखवू शकतो. इथे दोष रक्तात नाही, मोजपट्टीत आहे. पण मोजपट्टी चुकतेय हे कळायला सावळी बाळं अभ्यासात असावी लागतात.

आता आपल्या घरचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं शेजारी ठेवून मोजली. सरासरी वजन आपलं २.७ किलो, त्यांचं ३.५. पण आपल्या बाळांच्या अंगावर स्नायू कमी असून चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून मेदाळ. पुढे मधुमेह का होतो याचा धागा इथपासून सुरू होतो. हे कळलं कारण त्या गावच्या बायका वर्षानुवर्षं टिकून राहिल्या. आता त्यांची मुलं मोठी झाली, तीही तपासायला येतात. अडाणी म्हणून कोणी त्यांना वगळलं नव्हतं. माझ्या मते त्या अभ्यासाचं अर्धं श्रेय गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांचं आहे.

जन्माच्या वेळचं वजन-उंची मोजायचे इंटरग्रोथ-२१ हे आंतरराष्ट्रीय तक्तेसुद्धा आठ ठिकाणच्या बाळांवरून केले. त्यात ऑक्सफर्ड आहे आणि आपलं नागपूरही.

कोकणची_लेक
मंगळवार, रात्री ८:४०

नागपूर!! माहेरचं नाव आलं की कॉलर ताठ. (नावावर जाऊ नका, सासर कोकणातलं आहे.)

आजीचा_बटवा
मंगळवार, रात्री ९:२५

डॉक्टरसाहेब, आमच्यासारख्या शाकाहारी घरांचं कोणी बघतं का? सुनेला इथे फोलिक ॲसिड दिलं, बी-१२ कोणी विचारलंच नाही. मीच मागे लागून तपासून घेतलं.

डॉ_वैद्यबुवा
मंगळवार, रात्री ९:५०

आजी, अचूक प्रश्न. पुण्याच्या त्याच अभ्यासात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांचं बी-१२ कमी निघालं. ज्यांचं बी-१२ कमी आणि फोलेट भरपूर, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनचा प्रतिरोध (म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद न देणं) सगळ्यात जास्त दिसला. आणि यूकेत २०२६ च्या अखेरपासून मैद्यासारख्या गव्हाच्या पिठात (संपूर्ण गव्हाची कणीक सोडून) फोलिक ॲसिड घालणं सक्तीचं होतंय. ते चांगलंच आहे, बाळाच्या मणक्याचे दोष टळतात, त्याबद्दल दुमत नाही. पण बी-१२ कमी असलेल्या शाकाहारी बाईचं पुढे काय होतं हे इथे मोजायचं असेल तर ती बाई अभ्यासात असायला हवी. नाहीतर सरासरीत बुडून जाईल.

मनमोकळी
बुधवार, सकाळी ११:००

कालपासून लिहू की नको चाललंय.

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन इथे आली, इंग्रजी समजतं पण बोलायला घाबरते. गरोदरपणात एका अभ्यासासाठी विचारलं गेलं. कधी, तर कळा सुरू झाल्यावर. ती पलंगाचा कठडा धरून उभी, आणि एक मुलगी फॉर्म घेऊन समजावतेय. दीर दुभाष्या. त्याने मराठीत काय सांगितलं माहितेय? "काही नाही गं, सही कर." तिने केली. दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, वहिनी, मी कशावर सही केली? बाळाच्या रक्ताचं काही होतं का?

नंतर बघितलं तर साधा अभ्यास होता, नाळ उशिरा कापण्यासंबंधी काहीतरी. वाईट काहीच नव्हतं. पण ती आता कुठल्याच कागदावर सही करत नाही, मुलाच्या नर्सरीच्यासुद्धा.

नवऱ्याला दुभाष्या करू नये असा नियम आहे ना? मग ते कसं चाललं?

चाफेकळी
बुधवार, दुपारी १२:३५

मनमोकळी, नियम आहे. व्यावसायिक दुभाष्या फुकट मिळायला हवा, घरच्या माणसावर भागवू नये. उपचारासाठी तो मागवतात (कधीकधी तासाभराने फोनवर मिळतो). संशोधनासाठी मागवायचा तर त्याचे पैसे अभ्यासाच्या बजेटमध्ये आधीच धरावे लागतात, आणि ते धरलेले नसतात. म्हणून कित्येक अभ्यासांत 'इंग्रजी समजत नसल्यास अपात्र' अशी अटच असते. म्हणजे जिला सगळ्यात जास्त त्रास होतो तिला आम्ही दारातच वगळतो आणि अहवालात लिहितो की अल्पसंख्याकांचा प्रतिसाद कमी होता.

तुमच्या जावेला अजूनही त्या अभ्यासातून नाव काढून घेता येईल. संमतीच्या फॉर्मच्या प्रतीवर फोन नंबर असतो. कारण सांगावं लागत नाही.

भटका_शंकर
बुधवार, रात्री ९:१५

बायकोशी बोललो. तिने घेतला होता भाग, गरोदरपणातल्या मधुमेहाच्या एका अभ्यासात. तिचं म्हणणं जसंच्या तसं:

"मिडवाइफ चांगली होती म्हणून हो म्हटलं. अभ्यासामुळे जास्तीचे दोन स्कॅन झाले, ते आवडलं. पण पुढे काय झालं ते कोणी सांगितलं नाही. मुलगा शाळेत जायला लागला, अजून एक पत्र नाही. आमची साखर त्यांना कळली, त्यांना काय सापडलं ते आम्हाला नाही कळलं. परत विचारलं तर विचार करीन."

आणि माझं एक. मला कोणी काही विचारलंच नाही. मी प्रत्येक अपॉइंटमेंटला शेजारी बसलेलो. घरात स्वयंपाक मी करतो, साखर मोजायच्या मशीनची वही मी ठेवली. फॉर्मवर बापासाठी रकानाच नव्हता.

सांख्यिक
बुधवार, रात्री ९:४०

शंकरराव, ब्रॅडफर्डमध्ये तीन हजारांहून जास्त बाप घेतले होते. आयांच्या मानाने कमीच, पण घेतले होते.

खोडसाळ_पप्पू
बुधवार, रात्री १०:०२

[मजकूर काढला आहे. 'परत जा आपापल्या देशात' छापाची टिप्पणी इथे चालणार नाही. – संपादक]

निवांत_राजा
गुरुवार, सकाळी ९:१०

पप्पूकडे दुर्लक्ष करा.

चाफेकळीताई, भाग घ्यायचा नसेल पण पत्रक कसं असावं, प्रश्न कसे विचारावेत यात मदत करायची असेल तर? मला ते जास्त जमेल.

चाफेकळी
गुरुवार, सायंकाळी ५:५५

जमेल काय, तेच हवंय! इंग्लंडमध्ये प्रत्येक भागात मॅटर्निटी अँड निओनेटल व्हॉइसेस पार्टनरशिप असते, त्यात पालक बसतात आणि बापही चालतात. संशोधकांनाही अर्ज करतानाच पालकांना सोबत घ्यावं लागतं, आणि त्या वेळेचे पैसे द्यावेत असं एनआयएचआरचं (आरोग्य संशोधनाला सरकारी पैसा देणारी संस्था) धोरण आहे. लाजू नका, विचारा. फुकट सल्ला देऊन 'समाजसेवा' करायची गरज नाही. कुठले अभ्यास चालू आहेत ते एनआयएचआरच्या 'बी पार्ट ऑफ रिसर्च' या संकेतस्थळावर गावाप्रमाणे शोधता येतं.

या धाग्यातल्या तीन गोष्टींवर मी सोमवारी भांडणार आहे: होम ऑफिसचं वाक्य पहिल्या पानावर, कळा सुरू झाल्यावर पहिल्यांदा विचारायचं नाही, आणि अभ्यास संपल्यावर प्रत्येकीला निकालाचं पत्र. दुभाष्याच्या पैशांचं या अभ्यासात होणार नाही, बजेट बंद झालंय. पुढच्याच्या अर्जात घालायला लावीन.

मनमोकळी
गुरुवार, रात्री ८:२०

जावेला धागा वाचून दाखवला. ती म्हणते पत्रक मराठीत दिलं तरी पंधरा पानं कोण वाचणार, त्यापेक्षा व्हॉट्सॲपवर ऐकता येईल असं दोन मिनिटांचं करा, आणि आवाज बाईचा असू द्या. स्वतःचा आवाज द्यायला तयार आहे! मीच थक्क झाले.

चाफेकळी
गुरुवार, रात्री ८:३४

अगं सांग तिला, हवाच आहे. फक्त बायकांना जे काही ऐकवायचं ते आधी एथिक्स कमिटीला दाखवावं लागतं, त्यामुळे लगेच होणार नाही. मजकूर मी लिहून पाठवते, कुठे अडखळतेय तेवढं तिने खुणा करून परत पाठवावं. नवऱ्याला मध्ये घेऊ नका म्हणावं. :)